भरतीतली उंची

“काका, उंची किती तुमची?” रोहनने विचारलं.

“पाच फूट सात,” नाथाजी म्हणाले आणि म्हणता म्हणता ताठ झाले. “भरतीत मोजलीय.”

आमच्याकडच्या फौजी माणसाला लग्नाची तारीख विचारा, तो बायकोकडे बघेल. पण भरतीतली उंची आणि छाती झोपेतून उठवून विचारली तरी बिनचूक सांगेल. नाथाजी हवालदार होऊन घरी आले त्याला जमाना झाला, सत्तरी उलटली, पण त्या आकड्याला त्यांनी म्हातारं होऊ दिलं नव्हतं.

माधवनगरला रोहनच्या गॅरेजात त्यांची साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल सुटी होऊन पडली होती, त्यामुळे बसून बघायची सोय नव्हती. टेप रोहनच्या खिशात होता, पण हवालदाराला टेप कोण लावणार? त्याने सीटच्या उंचीसाठी पाच फूट सात मनात धरलं. कोपऱ्यात स्टुलावर नाथाजींच्या पत्नी बनुबाई बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

या गाडीने गावाकडे आष्ट्यात दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या, पोरांना शाळेत सोडलं होतं, आणि एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बनुबाईंना सगळ्या पाहुण्यारावळ्यांत फिरवलं होतं. आता तिला वाळवंटाची गाडी व्हायचं होतं. जैसलमेरकडे पोस्टिंग असताना नाथाजी वाळूतून टपाल पोचवायचे, तेव्हा जशी त्यांच्याकडे होती तशी. सायलेन्सर वर उचललेला, हँडल रुंद, टायर वाळू पकडणाऱ्या बटणांचे, गाडी उंच उचलणारे लांब शॉकअप, टाकी वाळूच्या रंगाची. साडी गार्ड तर पहिल्याच दिवशी उतरून भंगारात पडलं होतं. बनुबाईंनी ते पाहिलं होतं.

थंडीत जुन्या पलटणीतली माणसं जैसलमेरला जमणार होती. खंडाळ्याचा तात्याबा जीप घेऊन मागे आणि नाथाजी गाडीवर पुढे, असं दोघांनी फोनवर ठरवून टाकलं. दोघांच्या बायकांना ते नंतर कळलं.

तेव्हापासून बनुबाईंचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मागच्याच साली उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाल्यावरून गाडी घसरली आणि नाथाजींचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय जरा आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, फक्त दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, जाऊ दे त्यांना, हौस आहे. हौस! त्याला काय, तो पुण्यात. चुलीवर दूध ठेवून बनुबाई जैसलमेरच्या विचारात हरवायच्या आणि दूध उतू जायचं. शेवटी त्यांनी देवाला नारळ बोलला: ही गाडी काही जुळू देऊ नको. नाथाजींनीही त्याच देवाला गाडी नीट होऊ दे म्हणून नारळ बोललेला. देवाची काय पंचाईत झाली असेल, देव जाणे.

बनुबाईंनी गॅरेजात गिळलेली गोष्ट अशी होती. गेली कित्येक वर्षं शिंप्याकडून जुन्याच मापाने आलेली नाथाजींची प्रत्येक पँट बनुबाई आधी खालून दुमडून घेत. आधी एक बोट, मग दोन. खुबा मोडल्यावर चार. नाथाजी गावात गेले की गुपचूप टाके घालायचे आणि पँट दोरीवर टाकायची. एकदा घाईत टाके राहिले, तर नाथाजी आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, आजकालच्या शिंप्यांना माप कळत नाही. बनुबाई हो म्हणाल्या.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तसे दोघं एस.टी.ने सांगलीला आणि तिथून रिक्षाने माधवनगरला गेले. वाटेत नाथाजी परीक्षेला निघालेल्या पोरासारखे खिडकीतून बाहेर बघत होते.

गाडी बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला. रोहनने काम देखणं केलं होतं. नाथाजींनी टाकीवरून हात फिरवला, पाय मागून टाकला आणि बसले. रोहनने स्टँड काढला.

आणि त्यांचे पाय टेकेनात. बुटांची नुसती टोकं जमिनीला लागत होती. गाडी आखूड पायाकडे कलली. रोहनने हँडल धरलं, बनुबाईंनी धावत येऊन मागून सीट धरली.

“शॉकअप बसतील जरा,” नाथाजी म्हणाले.

रोहनने हळूच सांगितलं, की पाच फूट सातला बरोबर आहे, त्याने दोनदा मोजलंय. नाथाजींनी पुन्हा पाय ताणले. मग ते उतरले आणि कुणाकडेही न बघता रुमालाने टाकी पुसू लागले.

“इकून टाक रं,” ते म्हणाले. “कुणीतरी उंच माणूस बघ.”

बनुबाईंचा नारळ फळला होता. आता नवरा घरी राहणार, थंडीत कट्ट्यावर बसणार, धडधाकट राहणार. हेच तर मागितलं होतं. पण पुसलेलीच टाकी पुन्हा पुसणारी ती पाठ त्यांना बघवेना. हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्या नवऱ्याच्या आखूड पायाशी खाली बसल्या.

“अगं, काय करतीस?”

बनुबाईंनी पँटचे टाके पिनेने उसवले आणि दुमड उलगडून खाली सोडली. चार बोटं कापड बुटावरून जमिनीवर आलं.

“बाळा,” त्या रोहनला म्हणाल्या, “एवढं कमी कर.”

नाथाजी आपल्या पायाकडे बघत राहिले.

“ह्ये कवापास्नं?”

“लय वर्सं झाली. थोडं थोडं.”

“मला बोलली न्हाईस.”

“तुमी शिंप्याला बोलत हुता. मी कशाला मदी पडू?”

नाथाजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्याला बराच वेळ लागला. मग रोहनला म्हणाले, “भरतीचं माप सोड रं. हिच्या बोटांचं घे.”

रोहनने खिशातला टेप आता काढला आणि उलगडलेलं कापड मोजलं. लांब शॉकअप उतरवून जुने चढवले, पुढची बाजूही तेवढीच खाली घेतली, सीटचा फोम तासला. दुपार कलली. नाथाजी पुन्हा बसले, तेव्हा दोन्ही बूट जमिनीवर पुरते टेकले. त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली, तसे रस्त्यावरचे दोघं-चौघं वळून बघायला लागले.

आता मात्र बनुबाईंना कळलं. हे आपणच केलं. आता हा माणूस खरंच जाणार.

नाथाजींनी गियर टाकला, आणि तेवढ्यात बनुबाईंना ते सुटलेलं कापड दिसलं, चेनपाशी लोंबणारं.

“आवं, थांबा.”

त्यांनी गाडी बंद केली. दोन्ही पाय टेकवले, मग आखूड पाय जरासा पुढे केला. बनुबाई रस्त्यावरच बसल्या. कापड चार बोटं दुमडलं आणि पिन लावली. लोक बघत होते. नाथाजींनी पाय मागे घेतला नाही.

पिन ओढून बघत बनुबाई म्हणाल्या, “हं. जावा आता.”