तो आलाच नाही

विमानतळावर माझ्या पासपोर्ट काउंटरसमोर परदेशी जनरल हसत उभा होता. माझी जाऊ याच्याच देशातली; तिचं माहेरचं अख्खं गाव याच्याच हुकमानं जाळलेलं.

"आंतरराष्ट्रीय कोर्टाचं वॉरंट आहे याच्यावर," मी शेजारी उभ्या आमच्या साहेबांना हळूच म्हटलं. "देशात आला की धरायचा, असा करार आपणच केलाय ना?"

"आपल्या घरात कुणाला धरायचं ते आपण ठरवू. परक्या कोर्टानं नाक खुपसायचं नाही," साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. "शिक्का मारू नका, बाई. शिक्का नाही म्हणजे तो आलाच नाही. मंत्र्यांकडे जेवेल आणि जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धाडकन शिक्का मारला.

"घ्या साहेब," सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "आला. आता धरा."