नानय्याच्या जन्माची थाळी

"घाई करू नकोस पोरी. तिचं बोलणं संपू दे."

कासाराचा तो आवाज मला अजून आठवतो. बोटाच्या पेराने त्याने माझ्या काठावर टिचकी मारली होती. माझा नाद दुकानभर फिरला आणि हळूहळू विरत गेला. समोर बोल्लव्वा नावाची नवी नवरी उभी होती. नाद पार संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग म्हणाली, "हीच द्या."

मित्रांनो, मी एक जुनी काशाची थाळी आहे. कोडगूच्या डोंगरात, विराजपेटच्या टोकाला, कॉफीच्या झाडांना टेकलेलं एक कौलारू घर आहे. तिथे माझा जन्म गेला. आता माझ्यात मिरी वाळत घालतात. पूर्वी माझ्यात वाफाळते कडंबुट्टू असायचे, तांदळाचे पांढरेशुभ्र गोळे, आणि शेजारी डुकराच्या मटणाचा काळा रस्सा.

पण माझं खरं काम जेवणाचं नव्हतं.

आमच्या घरात बाळ जन्मल्याची बातमी तोंडाने सांगत नसत. मुलगा झाला की अंगणात बंदुकीचा एक बार. मुलगी झाली की लाकडी पळीने मला वाजवायचं. आणि घरातलं कुणी गेलं की पुन्हा बंदूकच, पण लागोपाठ दोन बार. डोंगरापलीकडे बार ऐकू आला की माणसं हातातलं काम टाकून कान देत. एकच आहे, की दुसरा येतोय?

बंदूक बैठकीच्या भिंतीवर, मी स्वयंपाकघरातल्या फळीवर. तिला तेल, मला राख. बोल्लव्वाला आधी मुली झाल्या, तेव्हा मी गायले. मग एकदा बंदूक गरजली. तो उत्तय्या.

उत्तय्या माझ्यातच जेवून वाढला. मिसरूड फुटलं न फुटलं तोच पलटणीत गेला, आणि पूर्वेकडच्या लढाईतून हातपाय शाबूत घेऊन परत आला. छातीवर पदक होतं. गावाने ओवाळलं, खांद्यावर घेतलं. "काय काय पाहिलंस रे तिकडे?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "चिखल."

त्याला एका बँकेत बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी चालून आली. पगार चांगला होता. त्याने नको म्हटलं आणि कॉफीच्या गोदामात पोती चढवण्या-उतरवण्याच्या देखरेखीला लागला. हत्यारांच्या पूजेचा सण आला की तो बंदुकीला फुलं वाहायचा. मग गावची माणसं माळावर नारळावर नेम धरून बार काढायला जमली, की हा घरामागच्या विहिरीवर जाऊन पाणी शेंदत बसायचा. रहाटाचा आवाज मला फळीवर ऐकू यायचा. भरलेलं पिंप तो पुन्हा भरायचा.

मग त्याचं देचम्माशी लग्न झालं, आणि एका सकाळी चुलीवर कॉफी उकळत असताना आतल्या खोलीतून बाळाचं रडणं आलं.

"मुलगा! मुलगा झालाय रे!" बोल्लव्वा धावत बाहेर आली. "बघत काय उभा राहिलास? बंदूक काढ!"

उत्तय्याने बंदुकीकडे हात नेला. हात तिच्यावर टेकला आणि तिथेच राहिला. मग तो वळला, स्वयंपाकघरात आला, त्याने मला फळीवरून उचललं, पळी घेतली आणि अंगणात जाऊन मला वाजवू लागला.

"अरे वेड्या, मुलगा आहे! कान फुटले का तुझे?" बोल्लव्वा ओरडत होती. तो थांबेना. काशाला हात कळतो, मित्रांनो. त्या हातात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. पण आपणहून बोलायची सोय मला नाही. एका घावाला माझ्या काठापासून आतपर्यंत तडा गेला आणि माझा कासाराच्या दुकानातला नाद कायमचा गेला. पुढचे घाव नुसते खडखडले.

दुपारपर्यंत शेजारणी आल्या, पोरीसाठी इवल्याशा बांगड्या घेऊन. पाळण्यात पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. कुंपणापलीकडचा चंगप्पा म्हणाला, "काय रे उत्तय्या, बंदूक पलटणीतच विसरून आलास की काय?"

"हो," उत्तय्या म्हणाला. "तिथेच राहिली."

तो मुलगा नानय्या. शाळेत त्याला 'थाळीबाई' म्हणायचे. तो घरी येऊन विचारायचा, "अप्पा, माझा बार का नाही केला?" उत्तय्या त्याच्या चिखलाच्या पायांवर पाणी घालायचा आणि म्हणायचा, "चल, जेवून घे." बोल्लव्वा तेवढ्यात चुलीपुढून बोलायची, "रागाने थाळी फोडली तुझ्या बापाने. आपल्या पोरावर कुणी रागावतं का?" रात्री देचम्मा पोराला मांडीवर घेऊन गायची:

बाळाच्या जन्माला, काय वाजलं वाजलं?
काशाची गं थाळी, सारं रान गं गाजलं!

गाणं गोड होतं. पण पोराने आजीचंच मनात धरलं.

तसा बाप म्हणून उत्तय्या कशात कमी पडला नाही. पोराला ताप आला तेव्हा धो धो पावसात त्याला पाठीवर बांधून दवाखान्यात नेलं. गोदामातली धूळ खाऊन छाती खोकल्याने पोखरली, तरी पोराच्या शिक्षणाला खीळ पडू दिली नाही. एका सणाला नानय्याने माळावर पहिल्याच बारात नारळ फोडला. लोकांनी त्याला उचलून धरलं. त्याने मान वळवून बापाला शोधलं. विहिरीवरून रहाटाचा आवाज येत होता.

पुढे घरात स्टीलची ताटं आली आणि मी अंगणात आले. कोंबड्यांनी माझ्यात दाणे टिपले, पावसाने माझ्यात डबकी केली. बोल्लव्वा गेली. मला कुणी भंगारात घातलं नाही ते एका माणसामुळे. दर रविवारी उत्तय्या मला राखेने घासायचा. तड्यापाशी आला की त्याचा अंगठा हळू व्हायचा. पुढे घरात आलेली नानय्याची बायको हसून म्हणायची, "मामंजींना फुटकं टाकवत नाही!" मी थकले होते. तोही थकला होता. दोघेही न वाजता उन्हात पडून असायचो.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरात एखादं तडकलेलं भांडं असेल, तर फेकण्याआधी ते कशाने तडकलं ते विचारा. घरात एखादं गप्प माणूस असेल, तर त्याला तुम्ही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लहानपणानंतर नानय्याचं विचारणं राहूनच गेलं. शेवटी ते परवा झालं.

परवा सकाळी सुनेसोबत दवाखान्यात गेलेल्या देचम्माच्या बहिणीचा फोन आला. नानय्याला मुलगा झाला. उशिरा झालेलं मूल, नवसाचं. नानय्याने भिंतीवरची बंदूक काढली, पुसली आणि अंगणात आला. कुंपणापलीकडून म्हाताऱ्या चंगप्पाने हाक दिली, "आज तरी बार ऐकू येणार ना रे? की पुन्हा थाळी?"

नानय्याने बंदूक बापापुढे धरली. "अप्पा, नातवाचा बार तुम्ही करा."

उत्तय्या पायरीवर बसला होता. त्याने हात पुढे केला नाही.

"माझ्या वेळी केला नाहीत," नानय्या म्हणाला. "मी मनाची समजूत घातली, की नसेल झाला आनंद. पण या पोराने काय केलंय, अप्पा?"

देचम्मा दारात आली. "अहो, बोला की आता. मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत, निदान पोराला तरी सांगा."

उत्तय्या बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "एक बार झाला की माझे कान दुसऱ्याची वाट बघतात रे. लढाईपासून. तिकडे एकावर कधी थांबलंच नाही. तू आत रडत होतास. मी बंदुकीला हात लावला आणि वाटलं, मी एक बार करीन, आणि तुझ्या पाळण्याशी बसून जन्मभर दुसरा ऐकत राहीन."

नानय्याने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. नानय्या माझ्यापाशी आला, माझ्यातली मिरी सुपात ओतली, मला मांडीवर घेऊन बापाजवळ पायरीवर बसला. त्याचं बोट माझ्या तड्यावरून फिरलं.

"आणि हा? आजी म्हणायची, तुम्ही रागाने..."

"रागाने?" उत्तय्याने मान वर केली. "अरे, बंदूक एकदा वाजली की संपली. थाळीचं तसं नसतं. मला थांबवेचना. तडकली ते कळलं होतं मला, तरी हात थांबेना. मुलगा झाला होता रे मला."