केरमोराँचं रुखवत

शोभाच्या प्रीताचं लग्न ठरलं आणि इकडे अमेरिकेत हर्नडनला अहिल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. मुलगा फ्रेंच, एर्वान नावाचा. बरं, फ्रेंच तर फ्रेंच! पण हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सरदार घराण्यातला, आणि घराण्याचा केरमोराँ नावाचा स्वतःचा किल्ला. शोभा ही अहिल्याची धाकटी जाऊ, राहायला अल्फारेटाला. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी त्या किल्ल्याला एक नवा बुरूज फुटायचा.

अहिल्या गोड बोलून ऐकून घ्यायची आणि फोन ठेवला की भांडी आपटायची. यतीन, म्हणजे तिचा नवरा, बिचारा टीव्हीचा आवाज वाढवायचा. आधी शोभाचं घर मोठं, मग शोभाची मुलगी डॉक्टर, आता हे. इथे आपला सिद्धेश पस्तिशीला आला तरी लग्नाचं नाव काढू देत नाही, आणि तिच्या दारात किल्लेदार जावई! माणसानं सोसायचं तरी किती?

त्यात शोभानं गळ घातली, ताई, रुखवत तुम्हीच करायचं आणि त्यात केरमोराँ मांडायचा. रुखवतात अहिल्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साखरेचं तुळशीवृंदावन, काजूची बैलगाडी, असं काय काय तिनं लोकांच्या मुलींच्या लग्नात मांडलं होतं. नाही म्हटलं असतं तर जळते असं दिसलं असतं. म्हणून ती हो म्हणाली.

छपराचा उतार विचारायला तिनं थेट एर्वानलाच फोन लावला. पोरगा मोकळा. त्यानं सगळा इतिहासच सांगितला. पूर्वजांनी सहाशे वर्षांपूर्वी बांधलेला वाटोळा बुरूज, मागे तळं, कबुतरांसाठी दगडी मनोरा. राज्यक्रांतीत घरचे जीव मुठीत धरून इंग्लंडला पळाले, इस्टेटीचा लिलाव झाला. पणजोबांच्या आजोबांनी निम्मी परत मिळवली. महायुद्धात जर्मन शिपाई राहिले आणि जाताना पूर्वेकडची बाजू पेटली. तिच्यावर आजतागायत छप्पर नाही. शेतं एकेक करून विकली. आईवडील आता जुन्या कारभाऱ्याच्या घरात राहतात आणि वडील या वयात शिडीवर चढून देवघराची कौलं बदलतात. फोटो पाठवतो म्हणाला, आणि पाठवलेही.

अहिल्याला नुसत्या उकळ्या फुटल्या. म्हणजे शोभाबाईंचा किल्ला हा असा! आणि बाईंना पत्ताच नाही! आता मांडतेच, तिनं ठरवलं, आहे तस्सा मांडते.

आणि मांडलाच. अल्फारेटाच्या हॉलमध्ये, भर मांडवात, सगळ्या मराठी मंडळासमोर तिनं रुखवतावरचं कापड काढलं. साखरेच्या भिंती, मधोमध बुरूज, आणि पूर्वेला करपवलेल्या साखरेची काळीठिक्कर बाजू. छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, आत हिरव्या खोबऱ्याचं गवत माजलेलं. बायकांची कुजबुज सुरू झाली. शोभाचा चेहरा पडला, आणि अहिल्यानं तो डोळे भरून पाहून घेतला.

तेवढ्यात नवरदेवाची आई पुढे आली. टेबलाजवळ वाकली, त्या काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि रडायलाच लागली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, की आमच्या घराचं चित्र जो काढतो तो छप्पर घालून काढतो, आम्ही जे जपतोय ते कुणीच काढत नाही. अहिल्याच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन ती सगळ्या पाहुण्यांना बोलावून एकेक भिंत समजावू लागली. मघाशी कुजबुजणाऱ्या बायका आता कॅमेरे काढून फोटो घेत होत्या.

शोभानं अहिल्याला बाजूला नेलं. अहिल्या बोलणी खायच्या तयारीत होती.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं, ताई," शोभा हळूच म्हणाली. "प्रीतानं सगळं सांगितलं होतं. पण मी बढाया मारून बसले होते. आता खरं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"मग मला कशाला करायला सांगितलंस?"

"तुम्ही शोधून काढाल आणि चारचौघांत मांडाल, याची खात्री होती." शोभाच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "माझं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही, हे मला आज का कळतंय? आज त्याचा उपयोग झाला. मघाशी सगळ्यांसमोर लाज वाटली, पण सुटले एकदाची."

तिकडून विहीणबाईंनी हाक मारली, हे करणारी कोण ते सगळ्यांना सांगा म्हणून. शोभानं अहिल्याचा हात धरला, तिला पुढे नेलं आणि म्हणाली, "या माझ्या मोठ्या जाऊबाई. आमच्या घरातलं सगळं यांनीच मनावर घेतलं."

टाळ्या थांबेचनात. अहिल्या हात जोडून हसत उभी राहिली. शोभानं हात घट्ट धरला होता, आणि मान वर करून तिच्याकडे बघायची अहिल्याला हिंमत होईना.