पडणाऱ्यांची गादी

मी ज्युदोच्या वर्गातली एक जुनी गादी आहे. आत दाबून बसवलेला फोम, वर जाड हिरवे आवरण. आजवर किती पाठी माझ्यावर आपटल्या, हे मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, नवा आलेला प्रत्येक जण काय शिकायचे ते बाईंना सांगतो. कुणाला चपळाई हवी असते, कुणाला ताकद, कुणाला तोल. पडायला शिकायचे आहे, असे कुणीच म्हणत नाही. बाई मात्र आधी तेच शिकवतात. आणि पाडणाऱ्याला बजावतात, की जोडीदार खाली टेकेपर्यंत त्याची बाही सोडायची नाही. त्या आधाराने तो अलगद पडतो.

दोघी आतेमामेबहिणी एकत्र येत. थोरलीला सगळे 'तुफान' म्हणत. तिला वेग वाढवायचा होता. धाकटी 'लिंबू'. तिला फक्त घाबरणे थांबवायचे होते.

एका संध्याकाळी पालक सराव पाहायला आले होते. तुफानने लिंबूला असे सर्रकन उचलले की टाळ्या पडल्या. त्याच तोऱ्यात तिने बाही सोडली. लिंबू खांद्यावर आदळली आणि तिचे हाड मोडले.

"कसं झालं हे?" बाईंनी विचारले.

"गादी सरकली, बाई," तुफान म्हणाली.

मला उचलून दाराशी टाकले. मुले माझ्यावर पाय पुसू लागली. तुफान तेवढी वळसा घालून जाई. सरावात आता जोडीदाराला उचलतानाच तिचे हात आखडत.

"चित्त कुठे चरायला गेलंय तुझं?" बाई म्हणत. ती मान खाली घाली.

एके दिवशी हात गळ्यात बांधलेली लिंबू आली आणि माझ्यावरच टेकली. तुफानपुढे पोशाख धरून म्हणाली, "हा पोशाख बाईंना दे. मी नाही येणार आता. साधं पडायचं, तेही जमलं नाही मला. आई म्हणते, मुळातच धांदरट आहेस."

तुफानचा चेहरा उतरला. "गादी सरकली नव्हती गं. मी बाही सोडली."

"मुद्दाम?"

"टाळ्या ऐकून हुरळले."

लिंबू माझ्या उसवलेल्या शिवणीतला दोरा ओढत राहिली. "म्हणजे मी नीट पडले होते?"

"अगदी शिकवलं तशी."

"मग त्याच दिवशी सांगायचंस ना. इतके दिवस मी स्वतःलाच बोल लावत बसले."

"तुझ्या आईला, बाईंना, सगळ्यांना सांगते."

"सांग. पण तुझ्याबरोबर जोडी नाही लावणार मी. एवढ्यात तरी नाही." तिने पोशाख काखोटीला मारला आणि ती निघून गेली.

तुफानने खरे सांगितले तेव्हा बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला शिवून पुन्हा आत अंथरले, आणि नवी मुले पाडायला शिकतात तेव्हा पडायला तुफानला उभे केले. हाड जुळल्यावर लिंबू परतली, ती दुसऱ्याच मुलीसमोर उभी राहिली. तुफानने तक्रार केली नाही.

मित्रांनो, मी फाटले तर मला शिवता येते. पण जो विश्वासाने आपले अंग तुमच्या हाती सोपवतो, त्याला जपा. आणि तुमच्या हातून तो दुखावलाच, तर ते त्याला लगेच सांगा; नाहीतर तुमची चूक तो आपली म्हणून वागवत राहतो.