साठ अंशांचा समुद्र

प्लॅस्टिकने समुद्राचा गळा कसा आवळलाय याची काळजी करायची, तर ती समुद्रासमोर आरामखुर्ची टाकूनच करायला हवी, हे जगभरातल्या पॉलिमरवाल्यांना एकाच वेळी पटलं आणि यंदाची आंतरराष्ट्रीय परिषद एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये भरली. काळजी करायला माणसं आधी मोठ्या विमानानं आली, मग छोट्या विमानानं आणि मग बोटीनं. बोटीत चढताच प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली ठेवली गेली. खोलीत साबण प्लॅस्टिकमध्ये, कंगवा प्लॅस्टिकमध्ये, आणि 'पृथ्वीसाठी टॉवेल दुसऱ्यांदा वापरा' ही विनंतीसुद्धा प्लॅस्टिकच्या चकचकीत आवरणात. कुणी हूं की चूं केलं नाही. वैद्याच्या घरी कुणी खोकलं म्हणून त्याचा बोभाटा करायचा नसतो.

या विद्वानांच्या जत्रेत धाकटीही आली होती. प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा पाऊल टाकती झाली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. तिच्यामागून कितीतरी पोरं आली, पदव्या घेऊन गेली, संसाराला लागली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली. धाकटी धाकटीच राहिली. तिचा प्रबंध केव्हाचा लिहून तयार होता. त्यावर फक्त मार्गदर्शकाची सही हवी होती. सही झाली की पदवी आणि पदवी मिळाली की नोकरी. एका कॉलेजानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण सत्र सुरू होईपर्यंतच. त्यानंतर त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसणार होतं.

सही देणारे सर पाठीमागे महर्षी म्हणून ओळखले जात. ते वाईट नव्हते. फक्त धाकटी गेली तर त्यांची व्याख्यानं कोण लिहिणार, चित्रं कोण काढणार आणि विमानतळावर त्यांची बॅग कोण सांभाळणार, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. म्हणून सही 'एवढी एक परिषद होऊ दे' यावर अडकली होती. परिषदा काय, पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या उगवतच असतात. पण या वेळी सरांनी शब्द दिला होता. बेटावर काम फत्ते झालं की बेटावरच सही. धाकटीनं सहीचा कागद एका फोल्डरमध्ये घालून सोबतच आणला होता. शब्द दिलेली माणसं विमानात झोपतात आणि उतरल्यावर नव्यानं जन्म घेतात, एवढं शहाणपण इतक्या वर्षांत तिला आलं होतं.

काम म्हणजे चमचा. वनस्पतीच्या साखरेपासून बनवलेला, पांढराशुभ्र, हाताला गुळगुळीत. समुद्रात टाका आणि विसरून जा, असं त्याचं ब्रीदवाक्य. सर ते प्रत्येक व्याख्यानात दोनदा म्हणत, दुसऱ्यांदा डोळे मिटून.

आता हा चमचा समुद्रात विरघळतो हे कसं ठरलं, तेही ऐका. धाकटीनं सुरुवातीला काचेच्या बरणीत खारं पाणी घेतलं, त्यात चमचा सोडला आणि बरणी खोलीत ठेवून दिली. चमचा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा बसून राहिला. महिने गेले, हलायचं नाव नाही. सर म्हणाले, जरा ऊब दे. तिनं बरणी ओव्हनमध्ये ठेवली, तरी चमचा ढिम्म. सर म्हणाले, अजून जरा. असं करत करत ओव्हन साठ अंशांवर गेला, तेव्हा कुठे चमचा शरण आला. दुसऱ्या दिवशी तडे आणि चौथ्या दिवशी भुगा. या धंद्यात याला वेगवान चाचणी म्हणतात. चाचणीला कुणाची हरकत नाही, पण शोधनिबंधाच्या पहिल्या मसुद्यात 'साठ अंशांच्या खाऱ्या पाण्यात' होतं, दुसऱ्यात 'उबदार सागरी पाण्यात' झालं आणि छापून आलं तेव्हा नुसतंच 'समुद्रात' उरलं. ते वाक्य टाइप धाकटीनंच केलं होतं.

सरांनी खोटेपणा केला असं म्हणावं, तर तेही खरं नाही. खोटारड्याला निदान खरं काय ते आठवत असतं. सरांनी ते वाक्य इतक्या व्यासपीठांवरून म्हटलं होतं, की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. म्हणून तर बोटीत, वाऱ्यावर केस उडवत, त्यांनी धाकटीला आनंदाची बातमी दिली. उद्घाटनाच्या दिवशी चमच्यांची टोपली धक्क्यावरून समुद्रात सोडायची आणि समारोपाला सगळ्यांसमोर वर काढायची. खऱ्या समुद्रात. धाकटीला बोट लागली असं सगळ्यांना वाटलं आणि कुणीतरी तिला लिंबू दिलं.

उद्घाटनाला प्रत्येकाच्या बशीत सरांचा चमचा ठेवला होता. वाफाळती कॉफी आली. चमचा कॉफीत गेला आणि लग्नातल्या नवरीसारखी मान खाली घालून बाहेर आला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर क्षणभरही गडबडले नाहीत. त्यांनी आपला वाकलेला चमचा उंच धरला आणि म्हणाले, पाहा, याला निसर्गाकडे परतायची किती घाई झाली आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. जो चमचा कॉफी ढवळू शकत नाही, त्यानं कुणी काय खायचं हे विचारण्याइतका अडाणी माणूस त्या सभागृहात नव्हता.

पहिल्या रांगेत एक कारखानदार बसला होता. खोलीतही काळा चष्मा लावणारा. त्याला सरांचा चमचा मोठ्या प्रमाणावर काढायचा होता. बोटी, किनारे, बेटं, सगळीकडे. लोकांनी खावं आणि सरळ पाण्यात भिरकावावं, कचरापेटीची कटकटच नको. समारोपाला टोपली वर आली की तो करार करणार होता. टोपली पाण्यात सोडताना त्यानंही दोरीला हात लावला आणि फोटो काढून घेतला.

समारोपाच्या आदल्या दुपारी, सगळे जेवून सुस्तावलेले असताना, धाकटी धक्क्यावर गेली आणि दोरी थोडी वर ओढून पाहिली. चमचे दुकानातून आत्ताच आणल्यासारखे लखलखत होते. तिनं दोरी सोडून दिली आणि सरांना गाठलं. सर ताडाच्या सावलीत पहुडले होते. तिनं झालं ते सांगितलं. ओव्हन, साठ अंश, सगळी आठवण करून दिली. सर उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ काहीतरी शोधणं चाललं होतं, जशी माणसं चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधतात. मग त्यांना तो सापडला.

"आपण प्रदर्शनासाठी ती बरणी आणलीय ना? भुग्याची?"

आणली होती. ओव्हनमधला भुगा, काचेच्या बरणीत, स्टॉलवर मांडायला.

"तो भुगा टोपलीत. चमचे तुझ्या बॅगेत." सर पुन्हा आडवे झाले. "आणि धाकटे, तो कागद उद्या घेऊनच ये. पेन माझ्याकडे आहे."

संध्याकाळी तिनं ताईला फोन लावला. ताई म्हणजे थोरली बहीण, कपडे शिवायचं दुकान चालवणारी. जिच्या घरातल्या मागच्या खोलीत धाकटी इतकी वर्षं शिकत होती, आणि जिच्या नवऱ्यानं त्या खोलीत शिलाईची आणखी दोन मशीनं टाकायचा बेत मनातच ठेवला होता, ती. धाकटीनं तिला चमच्याची सगळी कथा सांगितली. ताई आधी पोट धरधरून हसली.

"अगं, समुद्र साठ अंशांचा असता तर मासे शिजूनच वर आले असते. मीठही आयतं."

"ताई, हसू नकोस."

"मग काय रडू? मी गिऱ्हाइकाच्या मापात बोटभर इकडेतिकडे करते, हा तुझा सर समुद्राच्या मापात करतो. टाक तो भुगा, सही घे आणि घरी ये. लोक विचारतात, धाकटी करते काय, तर मी सांगते चमचे विरघळवते. त्यावर ते माझ्याकडेच दयेनं बघतात."

ताईचं काहीच चुकत नव्हतं. सकाळी बरणी पिशवीत घालून धाकटी धक्क्यावर निघाली, तेव्हा तिचं ठरलेलं होतं. आपल्याला काही सत्याचा पुळका आलेला नाही, हे ती स्वतःलाच समजावत होती. आणि ते खरंही होतं. वाटेत कारखानदार भेटला. न्याहारीला सगळ्यांना वाटलेले सरांचेच चमचे त्यानं टेबलांवरून गोळा करून आणले होते आणि तो एकेक करून ते समुद्रात भिरकावत होता. मोठ्या खुशीत, पोरांनी चपट्या दगडांच्या भाकऱ्या खेळाव्यात तसे, पाण्यावर उड्या मारत जाणारे. तिला पाहून त्यानं हात हलवला. "विसरून जायचं," तो म्हणाला आणि आणखी एक फेकला.

लाटेनं त्यातले दोन परत आणून तिच्या पायाशी टाकले.

तेव्हा तिला राग आला. सरांचा आला, कारखानदाराचा आला आणि सगळ्यांत जास्त त्या टाइप केलेल्या वाक्याचा आला. तिनं दोन्ही चमचे उचलून पिशवीत टाकले आणि धक्क्यावर न जाता सरळ नाश्त्याला गेली. पोटभर खाल्लं. बरणी तशीच बंद राहिली.

समारोपाला सगळं विद्वन्मंडळ धक्क्यावर उभं राहिलं. गळ्यात बिल्ले, डोक्यावर परिषदेनं दिलेल्या टोप्या. सरांनी दोरी ओढली. टोपली वर आली, आणि तिच्यात चमचे होते. सगळेच्या सगळे. त्यांच्यामध्ये एक छोटा खेकडा घरमालकासारखा ऐसपैस बसला होता. सरांनी धाकटीकडे पाहिलं. त्या एका नजरेत सही, नोकरी आणि ताईची मागची खोली, सगळं समुद्राच्या तळाशी जाऊन आलं.

मग सरांनी घसा साफ केला.

"मित्रहो," ते म्हणाले, "आम्ही विघटन शोधायला निघालो आणि आम्हाला निवारा सापडला. समुद्री जीवांसाठी टिकाऊ घर."

पुन्हा टाळ्या. उद्घाटनापेक्षा जास्त. कारखानदारानं मान डोलावली. त्याला चमचे विकायचे होते, ते विरघळले काय आणि घर झाले काय. खेकडा मात्र टाळ्यांना घाबरून उडी मारून निघून गेला. घर टिकाऊ होतं, भाडेकरू नव्हता.

अध्यक्षांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, कुणाला काही प्रश्न? असल्या वेळी कुणी प्रश्न विचारत नाही, कारण नंतर जेवण असतं. धाकटी पुढे गेली. माइक हातात घेतला.

"सर, प्रयोगशाळेतली चाचणी किती अंशांवर केली होती?"

उत्तराची कुणाला गरजच नव्हती. सगळेच जमिनीकडे, टोपीकडे, बुटांकडे पाहायला लागले होते. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, वेळ संपली, उरलेली चर्चा जेवणावर. घड्याळ ते खोलीत विसरले होते. त्यांनी नुसतं मनगट पाहिलं.

जेवणाच्या रांगेत धाकटीच्या मागे एक परदेशी प्राध्यापक येऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत कुजबुजला, आमच्याकडे बासष्ट. कोशिंबिरीपाशी एक बाई म्हणाली, आम्ही पासष्टला ठेवतो, पण कुणाला सांगू नकोस. खुद्द अध्यक्षांनी तिच्या ताटात फळाची फोड वाढली आणि हळूच विचारलं, साठला होतं का गं खरंच? आमचं सत्तरशिवाय होत नाही. घरोघरी मातीच्याच चुली. कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही आणि कुणी विरोधातही बोललं नाही. फक्त सरांच्या टेबलाच्या आसपासच्या खुर्च्या जरा लांब सरकल्या. असल्या ठिकाणी दोष करणाऱ्याला लागत नाही, सापडणाऱ्याला लागतो.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर पेन ठेवलेलं होतं. धाकटीला वाटलं, आता टोपण लावून पेन खिशात जाणार. पण सरही मुरलेले होते. ज्या पोरीनं एकदा माइक धरला तिला प्रयोगशाळेत ठेवायची, म्हणजे प्रत्येक परिषदेला आपल्याच बॅगेत विंचू घेऊन जायचा.

"आण तो कागद," ते म्हणाले. "तू आता नोकरीला लागायला हवंस. उशीर करणं बरं नाही."

धाकटीनं कागद काढला. पण समोर ठेवण्याआधी तिनं सरांचंच पेन उचललं आणि त्यावरच्या प्रबंधाच्या नावात, 'समुद्राच्या पाण्यात' याच्या आधी, मोठ्या अक्षरांत 'साठ अंश तापमानाच्या' असं घातलं. आतला मजकूर ती घरी जाऊन दुरुस्त करणारच होती.

इतक्या वर्षांत सर कुठल्याही कागदावर न वाचताच सही करत आले होते. हा मात्र त्यांनी वाचलं. पेनचं टोक कागदावर थांबलं.

"असा समुद्र आहे कुठे?"

"नाहीच, सर. तेच लिहिलंय."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कारखानदार पुन्हा चमचे भिरकावत होता, आणि लाट इमानदारीनं ते परत आणून देत होती. मग त्यांनी सही केली, नेहमीपेक्षा बारीक.

बोट सुटायच्या आधी धाकटीनं फोन लावला. ताईनं उचलल्या उचलल्या विचारलं, "सही?"

"झाली."

"आणि मासे?"

"कच्चेच आहेत अजून."

"बरं झालं," ताई म्हणाली. "मशीनं पुढच्या आठवड्यात येतायत. तुझी पुस्तकं खोक्यात भरायला घेते."