शिंपीदादांच्या मांडीतली झाडलोट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. एका शिंप्याच्या उजव्या मांडीत राहते. हाडाच्या पोकळीत जन्मले, रक्ताबरोबर वाहत इथे आले आणि इथलीच झाले. शरीरात कौतुक होतं ते हृदयाचं. आम्हाला कुणी विचारत नाही, पण माझी तक्रार नाही. शिंपीदादा दिवसभर मशीनचं पायडल मारत गुणगुणायचे आणि मी इकडचा तिकडचा केरकचरा उचलत सुखात असायचे. फार गोड माणूस हो!

मग त्यांच्या लेकीने शाळेतून बातमी आणली. वडिलांनी मुलाला पाठीवर घेऊन पळायचं, अशी शर्यत ठरली होती.

"बाबा, हे शेवटचंच वर्ष हं. मोठ्या वर्गातल्यांना कोण पाठीवर घेतं?"

झालं! जन्म बसून गेलेला, पण हौस दांडगी. शिंपीदादांनी कापडाचा अख्खा तागा पाठीला बांधला आणि इमारतीचे जिने चढायला-उतरायला लागले. चढणं एकवेळ ठीक, पण उतरताना मांडीला तो भार पायरीपायरीवर तोलून धरावा लागतो. माझ्या शेजारचे स्नायूंचे धागे जागोजागी उसवले.

मी हाका मारल्या. सगळ्यात आधी आमची धाकटी भावंडं धावून आली. उतावळी पोरं ती, मोडतोड साफ करता करता लवकरच संपूनही गेली. त्यांची मला फार आठवण येते. मागोमाग माझ्यासारख्या थोराड पेशी आल्या आणि उरलेले तुकडे आम्ही गिळले. या सगळ्या धांदलीत मांडी सुजली, ठणकू लागली. झाडलोट उरकली की आमचा सूर बदलतो. मग आम्हीच स्नायूतल्या झोपलेल्या पेशींना हलवतो, "उठा गं बायांनो, नवे धागे विणायचेत."

बाया कुठे डोळे चोळत उठताहेत, तोच शिंपीदादांनी पुन्हा तागा उचलला! पायडल दाबताना कळवळणारा माणूस, आणि म्हणतो कसा, "काट्याने काटा काढतो." मला रडूच फुटलं. हे कोवळं काम आत्ता तुटलं असतं, तर कसली शर्यत नि कसलं काय!

काजं-बटणं करणारी त्यांची बायको मान वर न करता म्हणाली, "अहो, काल त्या गिऱ्हाइकाच्या हातातून कोट काढून घेतलात ना? नुसता टाचलाय, घातला तर उसवेल, म्हणून?"

"ते कापड होतं."

"आणि तुमचा पाय काय पत्र्याचा आहे?"

लेक दारात उभी होती. "बाबा, नाही पळालात तरी चालेल मला," ती म्हणाली, पण तिचा आवाज रडवेला झाला होता.

शिंपीदादांनी तागा फळीवर ठेवला. पुढचे काही दिवस ते पोटभर जेवले, वेळेवर झोपले, सावकाश चालले. आम्ही आत जीव ओतून काम केलं.

शर्यतीत ते शेवटून दुसरे आले. पण मांडीने दगा दिला नाही. रेघ ओलांडल्यावर बाकीच्या वडिलांनी आपापली पोरं खाली उतरवली. हे काही उतरवेनात.

"उतरू का, बाबा?"

"बस गं अजून थोडी," ते म्हणाले आणि तसेच घरापर्यंत चालत आले.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस उरलेत, म्हणून सांगते. खूप धावल्यावर पाय दुखले तर त्यांना दूषणं देऊ नका. आत आम्ही राबत असतो. आमचं कौतुक नको, फक्त थोडी उसंत द्या. तुमच्याही पाठीवर कुणाला तरी बसायचं असेल.