भुईतलं फूल

फूल तिचं नव्हतं. लिंगपूजेच्या ताटात, तिच्याच पांढऱ्या कण्हेरीला खेटून, पातळ पाकळ्यांचं, मधोमध जांभळं – देठ म्हणावं तर नुसती दोऱ्यासारखी नळी, आणि वास असा की ताट बाजूला सारलं तरी नाकातून जाईना. कमलम्मानं ते चिमटीत धरलं. लग्नाला आठ वर्षं झाली. आठ वर्षं ह्यांच्या तळहातावरच्या लिंगाला जे फूल वाहिलं गेलं ते तिच्या परसातलं, तिनं खुडलेलं. बिजवराच्या घरात भांडी, दागिने, चूलसुद्धा आधीच्या बाईची मिळाली होती... परस तेवढं तिचं, मुरमाडातून उभं केलेलं. मग हे कुणाच्या हातचं?

विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. तीन दिवस ती पाण्याच्या निमित्तानं कमठाणा गावातलं एकेक कुंपण न्याहाळत हिंडली – यल्लम्माच्या दारात वेल होता, पण तो कारल्याचा. यल्लम्मा तरणी, नवरा गेलेली, हसरी. आणि हे तिच्याच गल्लीतून शेताला जात. जळो मेलीचं हसणं! की हे सारा भरायला बीदरला जातात, तिथल्या तालुकदारसाहेबाच्या बंगल्यातलं? पण तिथून आणलेलं फूल इतकं टवटवीत कसं राहील...

चौथ्या दिवशी गुरुपादय्या जंगम भिक्षेला आले. तिनं झोळीत ज्वारी घातली आणि पदराच्या गाठीतलं सुकलेलं फूल पुढं केलं.

"अय्या, ह्याचं झाड कुठं असतंय?"

"झाड कामून हुडकायलीस, अव्वा? ह्यो भुईचाफा. उन्हाळ्यात पान न्हाई, फांदी न्हाई, निस्तं फूल येतंय भुईतून. पानं पावसाळ्यात, मोठी, खालून जांभळी. खाली गड्डा हाय तवर दरसाली येतंय."

खालून जांभळी... ती पानं तिनं पाहिली होती. पाहिली काय, उपटली होती! शेताच्या कडेला शांतम्माची समाधी – ह्यांची पहिली. आपल्यात माणसाला आपल्याच मातीत पुरतात, आणि जागा स्वच्छ ठेवतात घरच्या बायका. सासू होती तोवर ती करायची. मागच्या श्रावणात ते काम कमलम्माकडे आलं. तण समजून तिनं मुठीमुठीनं ओढून बांधावर फेकलं. हे बघत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. किती समजूतदार माणूस, असं वाटलं होतं तिला, वेडीला. इतकी वर्षं फूल त्यांनी तिथंच राहू दिलं होतं; उपटूनही उगवलं, म्हणून यंदा घरी आणलं.

भर उन्हात ती खुरपं घेऊन शेतात गेली. समाधीपाशी तडकलेल्या मातीतून चार फुलं वर आली होती. यल्लम्मा असती तर बरं झालं असतं; जित्या बाईच्या झिंज्या तरी धरता येतात. हिचं काय धरायचं? खणून परसात लावावं, म्हणजे माझं होईल... गड्ड्याला खुरपं लागलं आणि हात थांबला. मी लावलं, मी पाणी घातलं, मी खुडून दिलं, तरी ते तळहातावर ठेवताना ह्यांचे डोळे मिटतील ते कुणासाठी?

ती मातीतच बसली. रडू येईल वाटलं होतं, आला तो राग. आणि रागाच्या आधी तोंडातून गेलं –

"अक्का."

आठ वर्षांत पहिल्यांदा. आता गेलंच आहे तर...

"काय हुतं गं तुझ्यात एवढं? आँ? मी काय कमी केलं? ऐक, पयल्या दिसापासून सांगते."

आणि ती सांगत सुटली. भाकरी टाकायची वेळ टळून गेली तरी तिचं भांडण संपेना. इतकं मन मोकळं करून ती आजवर कुणाशीच भांडली नव्हती.